दोन मिनिटांचा पाठलाग

आमच्या धाकट्या बिरूचं लग्न ठरलं, मोडलं आणि तीन महिन्यांनी त्याच मुलीशी झालं, ते वर्ष २०४४. मांडव दोनदा घालावा लागला, म्हणून ते वर्ष आमच्या वस्तीत कुणी विसरत नाही. दुसऱ्या मांडवाचे बांबू अजून दारातच पडले होते. एका रविवारी दुपारी आमची नात धारा शाळेतला सामना आटोपून आली, एक चप्पल इकडे आणि एक तिकडे भिरकावली आणि त्या बांबूंवर जाऊन बसली.

"जेवतेस का?" मी विचारलं.

"नाही."

"आमटीत शेंगदाण्याचा कूट घातलाय."

"तरी नाही."

म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

धारा तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या शाळेत एक आकाशखोली होती. तिथे तीन खुर्च्या, तीन शिरटोप आणि एक सिम्युलेटर (खरं विमान न उडवता, खऱ्यासारखंच उडवण्याचा सराव देणारं यंत्र) होतं. त्यावर 'गगनरण' नावाचा खेळ चाले. शिरटोप घातला की माणूस थेट विमानात जाऊन बसे. ढग दिसत, खाली नद्या दिसत, वळताना पोटात गोळाही येई. जगभरातली मुलं एकाच वेळी त्याच आकाशात उडत.

धाराची टोळी तिघांची होती. ती कप्तान, तिची मैत्रीण समीना मुलाणी आणि वर्गातला नचिकेत. टोळीचं नाव 'पाकोळ्या'. त्यांना काम होतं एस्कॉर्टचं (दुसऱ्या विमानांच्या सोबत राहून त्यांची राखण करण्याचं). सहा जड बॉम्बर (बॉम्ब वाहून नेणारी मोठी, संथ विमानं) नव्वद किलोमीटरवरच्या पुलापर्यंत पोचवायचे. सहापैकी चार पोचले तर जिंकलात. लढाऊ विमान पडलं तर मिनिटाभरात नवं मिळे, बॉम्बरला मात्र ती सोय नव्हती. बॉम्बर चालवायलाही खरीच मुलं असत, देशोदेशीची, चिठ्ठी टाकून वाट्याला येतील ती.

धाराच्या मागोमाग दुधोबा खडखडत आला. दुधोबा हा शाळेचा यंत्रमानव. पूर्वी तो दूध संकलन केंद्रावर दुधाचा फॅट मोजायचा. केंद्रानं नवा घेतला तेव्हा हा शाळेला मिळाला. गणितात हुशार, स्वभावानं प्रामाणिक, पण जुनी सवय काही सुटली नव्हती. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा तो फॅट सांगायचा.

"निकाल सांगतो," दुधोबा म्हणाला. "शत्रूची पाडलेली विमानं, नऊ. आपली पडलेली, शून्य. पुलावर पोचलेले बॉम्बर, एक. निकाल, हार. सलग दुसरी. दर्जा एक पूर्णांक दोन फॅट. पाणी फार आहे."

"आज्जी, याला कुणीतरी बंद कर!" धारा ओरडली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नियम असा होता की सलग तीन वेळा हरलं की टोळी बाद. मग आकाशखोलीतल्या तिन्ही खुर्च्या आठवीच्या मुलांना मिळणार. ती मुलं खुर्च्या मोजायला कालच येऊन गेली होती. पुढच्या रविवारी तिसरा सामना होता.

"आणि मला कळतच नाही," धारा म्हणाली. "आम्ही नऊ पाडली. त्यांनी आमचं एकही पाडलं नाही. जिल्ह्याच्या शिकारी यादीत मी दुसरी आले. मग आम्ही हरलो कसे?"

तिचे आबा ओट्यावर मेंढी कातरत बसले होते. आबा म्हणजे म्हाकू गोरड, आमचं माणूस. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी माणदेशातून मेंढरं घेऊन कुंभार्ली घाट उतरला आणि चढला. आता आमच्याकडे बाराच मेंढ्या उरल्या होत्या, तरी कातर हातात घेतली की त्यांना बाकी काही ऐकू येत नाही, अशी आमची समजूत होती.

"किती मेली म्हणालीस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नऊ."

"लांडगं न्हवं गं. मेंढरं किती मेली?"

"पाच."

"मग नऊ लांडगं मारून आणलीस, त्यांची काय भाजी करायची?"

मला हसू आलं. धारानं माझ्याकडं असं बघितलं की मी आत जाऊन ताट वाढायला घेतलं. पण कान बाहेरच होते.

"बरं, मेंढरं पडली तवा तू कुटं हुतीस?"

"पाठलाग करत होते, आबा. त्यांचा एक जण मागून यायचा, दोन गोळ्या झाडायचा आणि पळायचा. मी त्याला पाडून लगेच परत यायचे. दोन मिनिटांचं तर काम!"

"पळायचा कुटल्या अंगाला?"

"मागे. नेहमी मागेच पळतात ते."

"पळणारच," आबा म्हणाले आणि मेंढी सोडून दिली. अर्धी कातरलेली मेंढी निघून गेली. "लांडगाबी शेपटाकडनंच तोंड दावतो. कुत्रं त्याच्या मागं लागलं की दुसरा पुढनं कोकरू उचलतो. पर मागनंच का, हे मला कुणी इचारलं न्हाय आन् मीबी कुणाला सांगितलं न्हाय. दुधोबा, हिकडं ये. तुला मोजता येतं न्हवं?"

तोवर समीनाही आली होती. आबांनी अंगणातल्या वाळलेल्या लेंड्या गोळा केल्या आणि मातीत एका ओळीत सहा मांडल्या.

"हे बॉम्बर."

"आबा, शी!" समीना म्हणाली.

"शी काय? वास बी न्हाय. हा खडा म्हंजी धारा. हां, आता वेग सांगा."

धारानं सांगितलं. बॉम्बर मिनिटाला पाच किलोमीटर जातो. तिचं लढाऊ विमान मिनिटाला नऊ. एका किलोमीटरला एक वीत असं माप ठरलं.

"दोन मिनिटं पाठलाग कर," आबा म्हणाले.

धारानं खडा मागच्या बाजूला सरकवत नेला. दोन मिनिटांत अठरा किलोमीटर, म्हणजे अठरा विती. तो थेट हौदापाशी पोचला.

"पाडलं! आता परत येते."

"थांब की. मेंढरं काय तुझी वाट बघत हुबी ऱ्हायली का?"

समीनाच्या लक्षात आलं. नाक धरून तिनं एकेक लेंडी उचलली आणि दहा विती पुढे नेली. कारण त्याच दोन मिनिटांत बॉम्बरही दहा किलोमीटर पुढे गेले होते. आता खडा हौदापाशी आणि लेंड्या बाभळीपाशी.

"मधलं अंतर अठरा अधिक दहा, अठ्ठावीस किलोमीटर," दुधोबा म्हणाला.

"अठ्ठावीस भागिले नऊ," धारा पुटपुटली. "तीन मिनिटांत येईन परत."

"चूक," दुधोबा म्हणाला. "तुम्ही याल तेव्हा ते पुढे सरकत असतील. तुम्ही मिनिटाला नऊ धावता, ते मिनिटाला पाच पळतात. म्हणून फट मिनिटाला फक्त चारनं कमी होते. याला सापेक्ष वेग म्हणतात (चालणाऱ्या एका गोष्टीवरून पाहिलं असता दुसरी गोष्ट किती वेगानं जवळ किंवा दूर जाते, तो वेग). अठ्ठावीस भागिले चार, सात मिनिटं."

धारानं बोटांवर मोजलं. दोन मिनिटं पाठलाग, सात मिनिटं परतीची. एकूण नऊ. सगळा प्रवास अठरा मिनिटांचा. म्हणजे एका पाठलागात अर्धा वेळ बॉम्बर उघडे पडत होते.

"आणि तो पुढे पळाला असता तर?" समीनानं विचारलं.

"उत्तम प्रश्न. चार पूर्णांक दोन फॅट," दुधोबा खूश होऊन म्हणाला. "दोन मिनिटांत तुम्ही अठरा पुढे, बॉम्बर दहा पुढे. फट आठ. मग तुम्ही वळलात की तुम्ही त्यांच्याकडे नऊनं येता आणि ते तुमच्याकडे पाचनं येतात. फट मिनिटाला चौदानं मिटते. परत यायला चौतीस सेकंद."

"मागे गेलं तर सात मिनिटं आणि पुढे गेलं तर चौतीस सेकंद!" धारा उठून उभीच राहिली. "म्हणून ते मागे पळतात! त्यांना पळून वाचायचंच नसतं. मला न्यायचं असतं!"

"आता जेव," आबा म्हणाले.

ती जेवली. पण चौथा घास तोंडात असतानाच थांबली. "आबा, पाठलाग करायचा नाही हे कळलं. पण सोबत राहायचं कसं? माझं विमान त्यांच्याइतकं हळू उडवलं तर लढताच येत नाही. नऊनं उडवलं तर मी मिनिटाला चार किलोमीटर पुढे निघून जाते."

"टिप्याला इचार," आबा म्हणाले.

टिप्या म्हणजे आमचा कुत्रा. दुसऱ्या दिवशी शाळेआधी धारानं दुधोबाचा अंतरमापक काढून टिप्याच्या पट्ट्याला बांधला. दुधोबा पूर्ण वेळ "माझा भाग परत मिळेल ना?" असं विचारत होता. मेंढ्या चरत चरत ओढ्यापर्यंत गेल्या, बरोबर एक किलोमीटर. टिप्या त्यांच्या सोबतच पोचला. पण अंतरमापकावर आकडा होता पावणेतीन किलोमीटर.

धारानं त्याची पावलं मातीत पाहिली. डावीकडून उजवीकडे, मग मागे, मग परत डावीकडे, शेतातल्या पाटासारखी वळणंच वळणं. टिप्या मेंढ्यांपेक्षा वेगात पळत होता, पण सरळ पळत नव्हता. जादा वेग तो वळणांत खर्च करत होता. त्यामुळे तो कळपासोबतच राहत होता, दोन्ही बाजूंवर नजर ठेवत होता आणि कुठूनही काही आलं तरी त्याचे पाय पळतेच होते.

"नागमोडी!" धारा म्हणाली. "नऊ किलोमीटरची वाट अशी वळवायची की पुढे फक्त पाचच किलोमीटर सरकू."

सगळं जमत आलं होतं. आणि बुधवारी नचिकेतला कांजिण्या आल्या.

नियमाप्रमाणे बदली म्हणून टोळीतल्या कुणाच्याही घरचं एक माणूस चालत होतं. बिरू नव्या नवरीसोबत सासुरवाडीला गेला होता. मोठा मुलगा आणि सून साखर कारखान्याच्या पाळीवर होते. समीनाच्या घरी सगळ्यांना उंचीची भीती, खोट्या उंचीचीसुद्धा.

"मी बसतो की," आबा म्हणाले.

पहिल्या दिवशी त्यांनी विमान अकरा वेळा जमिनीत घातलं. बाराव्या वेळी झाडात घातलं. "सुधारणा," दुधोबा म्हणाला. शुक्रवारपर्यंत त्यांना उडवणं आणि वळवणं जमू लागलं. गोळी झाडायचं बटण मात्र शेवटपर्यंत सापडलं नाही. कारण ते अंगठ्याखाली होतं आणि आबांचा अंगठा घोंगड्याची गाठ मारल्यासारखा दांड्याभोवती घट्ट बसलेला.

मलाही एक काम मिळालं. पडद्यावर संदेश येत, ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. मी दोन वर्षांपूर्वीच शाळेच्या प्रौढवर्गात वाचायला शिकले होते. त्यामुळे मी संदेश वाचून होईपर्यंत त्यातली गोष्ट बहुधा घडून गेलेली असे. पण धारा म्हणाली, "आज्जी, तू वाच. खोलीत तुझा आवाज असला की बरं वाटतं."

रविवार उजाडला. समोर 'वज्रदंत' नावाची टोळी होती. त्यांचा कप्तान स्वतःला 'आग्या' म्हणवून घेई आणि मोकळ्या वाहिनीवर (दोन्ही बाजूंना ऐकू जाणाऱ्या आवाजाच्या मार्गावर) सतत बडबड करी.

"काय रे पाकोळ्यांनो, आज आजोबांना घेऊन आलात म्हणे! विमानात जिना लावला का?"

"आरं, तुझा आवाज अजून फुटला न्हाय," आबा म्हणाले. "दूध पिऊन ये."

विमानं उडाली. सहा बॉम्बर ढगांवर ओळीनं निघाले. प्रत्येकाच्या शेपटावर वेगळं चित्र आणि आकडा होता. आकडे लक्षात ठेवणं हा आबांचा स्वभाव नव्हता. त्यांनी दोन मिनिटांत सहाही बॉम्बरना मेंढ्यांची नावं देऊन टाकली. काळी, बोरी, चांदी, भुरी, शिंगी आणि ठिपकी.

खेळात एक अनुवादयंत्र होतं. ते प्रत्येकाचं बोलणं ज्याच्या त्याच्या भाषेत करून देई. थोड्या वेळानं एक बारीक आवाज आला. तो होता नोमिनचा. ती मंगोलियातली मुलगी होती आणि ठिपकी चालवत होती.

"आजोबा, तुम्ही मला मेंढी म्हणालात का?"

"व्हय. वाईट वाटलं?"

"नाही. आमच्या घरी चारशे आहेत."

"चारशे!" आबा खुर्चीतून उठायलाच लागले. "आन् कुत्री?"

"तीन."

"कमी हायती, पोरी. चारशेला पाच तरी—"

"आबा!" धारा ओरडली. "लढाई चालू आहे!"

खरंच चालू झाली होती. मागून एक विमान आलं, दोन गोळ्या झाडून वळलं आणि मागे पळालं. समीनाचं विमान आपोआप त्याच्याकडे वळलं.

"समीना, लेंड्या आठव!" धारा म्हणाली.

"आठवल्या," समीना म्हणाली आणि परत फिरली.

पण वज्रदंतही कच्चे नव्हते. सूर्याच्या बाजूनं दोघं एकदम खाली आले आणि शिंगी पडली. दोन मिनिटांनी तसंच पुन्हा, आणि भुरी गेली. पडलेल्या बॉम्बरमधल्या मुलांना हवाईछत्रीनं खाली उतरून गप्प बसावं लागे. भुरीचा मुलगा उतरताना रागानं काहीतरी बोलला. अनुवादयंत्रानं त्याचं "अरेरे" असं सभ्य भाषांतर केलं.

दहाव्या मिनिटाला पन्नास किलोमीटर झाले होते. तेवढ्यात ठिपकीच्या एका इंजिनातून धूर निघाला आणि ती मागे पडू लागली. तिचा वेग पाचवरून चारवर आला. आबांनी कुणालाही न विचारता विमान मागे वळवलं आणि तिच्याभोवती घिरट्या घालू लागले.

"आबा, पुढे या! मागे पडलेल्याला सोडायचं असतं. खेळाच्या पुस्तकात लिहिलंय."

"ज्यानं लिहिलं त्यानं मेंढरं राखली हुती का?"

"आबा, ऐका ना!"

"तू ऐक. तिला सोडून किती उरतात, मोज."

काळी, बोरी, चांदी. तीन. आणि जिंकायला हव्या होत्या चार.

मी धाराच्या शेजारी उभी होते. शिरटोपाखाली तिचे ओठ हलत होते, हिशोब चालला होता. चाळीस किलोमीटर उरले. तिघी पाचनं जाणार, आठ मिनिटांत पोचणार. ठिपकी चारनं येणार. मिनिटाला एक किलोमीटरची फट, पुलापाशी आठ किलोमीटरची. तीन राखणदार दोन कळपांत कसे वाटायचे? एकीकडे दोघी आणि एकीकडे आबा, ज्यांना बटणही सापडत नव्हतं.

"फटच पडू द्यायची नाही," ती एकदम म्हणाली. "सापेक्ष वेग शून्य करायचा. काळी, बोरी, चांदी, ऐका! सगळ्यांनी वेग कमी करा. मिनिटाला चार. ठिपकीच्या चालीनं चला."

काळी चालवणारा क्वेकू घानामधला होता. तो वैतागला. "मग आठाऐवजी दहा मिनिटं लागतील. दोन मिनिटं जास्त मार खायचा?"

"एकत्र राहिलो तर तुम्हा चारही बॉम्बरच्या बंदुका एका जागी असतील. दोन मिनिटं जास्त, पण उघडं कुणीच नाही."

क्वेकूनं उसासा टाकला. अनुवादयंत्रानं तोही पोचवला. मग काळीचा वेग उतरला, पाठोपाठ बोरी आणि चांदीचा. पडलेली थोडी फट भरेपर्यंत तिघी चारपेक्षाही हळू झाल्या आणि ठिपकी येऊन मिळाली.

"लंगडीच्या चालीनं कळप चालतो," आबा म्हणाले. "घाटात काय दुसरं करतो आपण?"

आता आग्या स्वतः आला. मागून आला, अगदी जवळून, आणि पंख हलवून दाखवले. त्याच्या विमानाच्या शेपटात आधीच भोकं पडली होती. एक नेम आणि तो खाली, इतका सोपा.

"धारा गोरड!" त्याचा आवाज खोलीभर घुमला. "शिकारी यादीत दुसरी ना तू? पहिला मी आहे. मला पाड आणि पहिली हो. का बकऱ्याच राखायच्यात?"

आणि तो मागे वळला. सावकाश, मुद्दाम.

धाराचं विमान अर्धं वळलेलं मी पडद्यावर पाहिलं. तिचा अंगठा बटणावर होता. त्या यादीसाठी तिनं वर्षभर सकाळी पाचला उठून सराव केला होता, हे मला माहीत होतं. तिला उठवणारी मीच होते.

"बॉम्बर चारनं चालल्यास पाठलागाचा नवा हिशोब," दुधोबा म्हणाला. "एकूण गैरहजेरी सात मिनिटं—"

"आणि बारा सेकंद," धारा म्हणाली. "केलाय मी."

तिनं अंगठा उचलला आणि विमान परत कळपाकडे वळवलं. मोकळ्या वाहिनीवर म्हणाली, "हो. बकऱ्याच राखायच्यात."

त्यानंतरची आठ मिनिटं मी कधी विसरणार नाही. डावीकडून धारा, उजवीकडून समीना, मागून आबा, तिघं नागमोडी विणत होते. वज्रदंतचे येत, आणि जिकडून येत तिकडे कुणीतरी आधीच असे. गोळ्या झाडायला सरळ उडावं लागतं. सरळ उडालं की समोरून राखणदार येई, आणि त्यांना वळावं लागे. आबांना बटण सापडलं नव्हतं, म्हणून ते नुसतेच समोर जात आणि चाळीस वर्षं लांडग्यावर घातलेली हाळी घालत, "हाऽऽऽड! हाऽऽऽड हिकडं!"

अनुवादयंत्राला या शब्दाचं काय करावं कळेना. त्यानं 'भाषांतर उपलब्ध नाही' असं सांगून ती हाळी जशीच्या तशी, पूर्ण आवाजात, आकाशातल्या सगळ्यांच्या कानात सोडली. आग्याचा एक साथीदार इतका दचकला की ढगात शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. नोमिन खदखदून हसत होती. "माझे बाबाही असंच ओरडतात!" ती म्हणाली.

मी संदेश वाचत होते. "ल... लक्...", 'लक्ष्य' या शब्दातलं जोडाक्षर मी सोडवत होते, तोवर लक्ष्य बॉम्बरच्या पोटाखाली आलं होतं. पुलावरून काळी गेली, बोरी गेली, चांदी गेली, आणि धूर सोडत, एका इंजिनावर, ठिपकी पुलावर पोचली.

दुधोबा निकाल सांगायला उभा राहिला. "शत्रूची पाडलेली विमानं, शून्य. पुलावर पोचलेले बॉम्बर, चार. निकाल..." तो थांबला, पुन्हा तपासलं. "निकाल, जीत. दर्जा सहा पूर्णांक आठ फॅट. म्हशीचं."

त्याच्या तोंडून एवढा फॅट शाळेत कुणी ऐकला नव्हता. समीनानं त्याला मिठी मारली आणि तिचं डोकं त्याच्या नळीला आपटलं.

भिंतीवरच्या शिकारी यादीत धारा दुसरीवरून पाचवी झाली होती. तिनं ती यादी नीट वाचली, शिरटोप खुंटीला लावला आणि दारात उभ्या असलेल्या आठवीच्या मुलांना म्हणाली, "खुर्च्या आमच्याकडेच राहतील. पण शनिवारी या. तुम्हाला नागमोडी शिकवते."

पुढच्या फेरीत पाकोळ्या हरल्या. नचिकेत बरा होऊन आला होता आणि त्याला पाठलागाचा मोह आवरला नाही. नऊ मिनिटं गेली. समीना त्याला महिनाभर 'हौद' म्हणत होती.

हे मी लिहिते आहे २०५६ साली. धारा आता चोवीस वर्षांची आहे. डोंगरातल्या गावांना औषधं नेणारी मोठी हवाई जहाजं असतात, फुग्यासारखी तरंगणारी, अगदी संथ. त्यांच्याभोवती लहान चपळ ड्रोन नागमोडी उडत राहतात आणि पुढचा वारा, विजेच्या तारा, घारींचे थवे यांची खबर देत जहाजांना सांभाळून नेतात. त्या ड्रोनना कसं उडायचं हे शिकवणाऱ्या गटात ती काम करते. ताफ्यातलं सर्वांत संथ जहाज ज्या वेगानं जाईल त्या वेगानं सगळ्यांनी जायचं, हा तिथला पहिला नियम तिनं घातला आहे. नोमिन मंगोलियात हेच काम करते. तिकडे वारा जास्त आहे म्हणे. मागच्या महिन्यात दोघींनी मिळून सोळा जहाजांचा ताफा एका वादळाच्या कडेनं काढला आणि सोळाच्या सोळा उतरवली. पुढच्या वर्षी त्या चाळीस जहाजं नेणार आहेत.

धाराचे आबा, म्हाकू गोरड, २०५१ साली भाद्रपद महिन्यात, एका मंगळवारी सकाळी वारले. त्यांचं वय एक्याऐंशी होतं.